वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातली सोसायटीची बाग

पाऊस स्थिरावला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतला प्रश्न ठरलेला असतो : कुठलं औषध मारू? औषधाचं नाव सांगण्याआधी पानाच्या पाठीमागे, पानाच्या बेचक्यात आणि मातीत काय आहे हे कळावं लागतं. पत्र पाठवताना राहता तो भाग, पाणी कुठलं (मनपाचं, बोअरचं, टँकरचं की एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध केलेलं) आणि पानाच्या मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो जरूर द्या. पुण्यात बावधन-वारज्याकडे पाऊस जास्त, हडपसर-वाघोलीकडे कमी. एकाच झाडाची दोन्हीकडची दुखणी वेगळी असतात.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी सोसायटीत सुमारे तीन गुंठे लॉन लावलं. आता अर्ध्याहून जास्त लव्हाळाच आहे. माळी दर आठवड्याला उपटतो, पण आठ दिवसांत पुन्हा तेवढाच येतो. ग्लायफोसेट मारून सगळं नव्याने लावावं का? — सोसायटीचे सचिव, कोथरूड

ग्लायफोसेट नको. ते लॉनसकट सगळं जाळेल, आणि नव्या लॉनमधून जमिनीत उरलेल्या गाठी पुन्हा वर येतील. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली आहे. माळ्याच्या हाती डबा देऊन मारून घ्यायची ही वस्तू नाही.

उपटून लव्हाळा का जात नाही ते आधी बघू. एक रोप अलगद खणून काढा. पातीखाली एक काळपट गाठ दिसेल, तिला दोऱ्यासारख्या तंतूने दुसरी जोडलेली, तिला तिसरी. पुढची गाठ फुटलेली असते तोवर मागच्या बऱ्याचशा झोपलेल्या राहतात. पात ओढली की दोरा तुटतो आणि मागच्या जाग्या होतात. म्हणून एकाच्या जागी तीन-चार पाती दिसतात आणि माळ्याच्या नावाने खडे फोडले जातात.

तरीही हाताने काढणं वाया जात नाही, फक्त वेळ साधली पाहिजे. कोंब वर आल्यापासून साधारण पाच-सहा पानं होईपर्यंत तो गाठीतलं साठवण खातो, त्यानंतर नव्या गाठी भरायला लागतो. म्हणजे तीन-चार पानांवर असतानाच, आठवड्यातून दोनदा, खुरप्याचं टोक दोन-तीन इंच आत घालून कापायचा. फुलझाडांच्या वाफ्यात हीच पद्धत ठेवा. तीन गुंठे लॉनमध्ये मात्र एवढी मजुरी परवडणार नाही.

तिथे हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे निवडक तणनाशक कामाचं आहे. आपल्याकडे ते मुख्यतः उसातल्या लव्हाळ्यासाठी विकलं जातं, म्हणून आधी एका कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फूट जागेवर मारून पंधरा दिवस वाट बघा. हरळीच्या जातीचं आणि कार्पेट म्हणून विकलं जाणारं झॉयसिया लॉन ते सहसा सोसतं. मात्रा एकरी ३६ ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला जेमतेम ०.९ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा याला चालत नाही, सोनारी छोटा काटा लागतो. अंदाजाने चमचाभर टाकलं तर मात्रा तिप्पट-चौपट होते आणि लॉन पिवळं पडतं. इथेच बहुतेकांचं बिघडतं.

पाण्याचाही अंदाज आधी घ्या. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. तेवढी जागा आखून पंपात नुसतं पाणी भरून नेहमीच्या चालीने फवारा आणि किती लिटर लागलं ते मोजा. साधारण पाच लिटर लागतं. तेवढ्याच पाण्यात ०.९ ग्रॅम औषध आणि लिटरला १ ते २ मिली स्टिकर (औषध पातीला चिकटवून ठेवणारा द्राव) मिसळायचं. फवारणीआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस लॉन कापायचं नाही, कारण औषध पातीतून आत जायला हवं. फवारल्यावर किमान चार-पाच तासांची उघडीप हवी. दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही म्हणून पुन्हा मारू नका. लव्हाळा पिवळा पडायला दोन ते तीन आठवडे लागतात. उरलेल्या गाठी फुटल्या की सहा ते आठ आठवड्यांनी दुसरी फवारणी. फुलझाडांच्या वाफ्यावर थेंबही जाऊ देऊ नका, आणि पंप तणनाशकाचा वेगळाच ठेवा.

२,४-डी हे तणनाशक मारा असा सल्ला कोणी देईल. त्याने लव्हाळ्याचा शेंडा करपतो, गाठीला फारसं काही होत नाही, आणि वाऱ्याने उडालेल्या फवाऱ्याने शेजारच्या जास्वंदीची आणि गुलाबाची पानं पिळवटतात.

बहुतेक वेळा लव्हाळा ट्रॉलीतून येतो, लाल मातीतून किंवा कच्च्या शेणखतातून. पुढच्या वेळी माती घेण्याआधी एक टबभर नमुना मागवा, ओला ठेवा आणि पंधरा दिवस थांबा. टबात लव्हाळा उगवला तर ती ट्रॉली परत पाठवा.

प्रश्न : जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर येतो. कीटकनाशकाच्या चार फवारण्या झाल्या, थोडे दिवस बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा जास्त येतं. — औंध

हा पिठ्या ढेकूण. वरचा मेणाचा थर फवाऱ्याला आत जाऊ देत नाही, आणि कापसासारख्या पिशवीतली अंडी तर पूर्ण सुरक्षित. औषधाने मरतात ते त्याचे शत्रू, म्हणून दर खेपेला कीड आधीपेक्षा जास्त परतते.

सुरुवात कात्रीपासून करा. वेडेवाकडे झालेले शेंडे कापून थेट प्लॅस्टिकच्या पिशवीत टाका, तोंड बांधा आणि दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. मग मुंग्या. पिठ्या ढेकणाची गोड विष्ठा खायला मुंग्या येतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात आणि पिल्लं एका फांदीवरून दुसरीवर नेतात. खोडाला चार बोटं रुंद प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर लावायचं नाही. जमिनीला किंवा भिंतीला टेकलेल्या फांद्याही छाटा, नाहीतर पट्टी बांधून उपयोग नाही, मुंग्या पुलावरून जातात.

त्यानंतर पाइपच्या जोरदार धारेने पानांची मागची बाजू आणि बेचके धुऊन काढा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निंबोळी तेल ५ मिली आणि साबणाचं द्रावण २ मिली आधी एकत्र घोटून घ्या, दुधासारखं झालं की त्यात एक लिटर पाणी. तेल थेट पाण्यात ओतलं तर ते वर तरंगतं. पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटच्या झाडावर नुसतं तेल, मग ते झाड करपतं. तयार ॲझाडिरॅक्टिन (कडुलिंबातला कीडनाशक घटक) १०,००० पीपीएम असेल तर लिटरला २ ते ३ मिली पुरे. अंड्यांतून पिल्लं साधारण आठवड्याभरात निघतात, म्हणून दर सात दिवसांनी अशा तीन फवारण्या लागतात. एका फवारणीवर भागत नाही. दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, चांगलं काम करते. ती वापरणार असाल तर आठवडाभर आधी-नंतर कुठलंही बुरशीनाशक नको, ते हिलाही मारतं.

एक गोष्ट माळीबुवांना झाडाजवळ नेऊन दाखवा. पिठ्या ढेकणांच्या गर्दीत कधी कधी एक मोठा, पांढऱ्या झालरी असलेला किडा दिसतो, पिठ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा. काडीने हलवलात तर तो लगबगीने चालू लागतो. ती क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची अळी. दिसायला पिठ्यासारखी, पण खाते पिठ्यालाच. बागांमध्ये तिला कीड समजून चिरडतात. ती दिसली तर त्या झाडावर काहीही फवारू नका.

आणि कुंपणाच्या पलीकडे बघा. मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत असेल तर जास्वंदीवरचा पिठ्या तिथूनही येत राहतो, कारण हे तण त्याचं आवडतं ठिकाण. गाजरगवताची पहिली ठळक नोंद १९५५ साली पुण्यातच झाली होती. फुलायच्या आत, पाऊस पडून गेल्यावर जमीन मऊ असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मुळासकट उपटा. एका झाडाला हजारो बिया येतात, तेव्हा फुललेलं गवत उपटून खड्ड्यात टाकणं म्हणजे पेरणीच. त्यावर तपकिरी-पिवळट पाठीवर काळ्या नागमोडी रेषा असलेले भुंगेरे पानं खाताना दिसले तर त्यांना खाऊ द्या. गाजरगवत संपवण्यासाठीच ते १९८४ मध्ये मेक्सिकोतून भारतात आणलेले मेक्सिकन भुंगे आहेत.

प्रश्न : ड्युरांटाच्या कुंपणावर पिवळ्या शेवयांसारखी वेल पसरली आहे. दरवेळी ओढून काढतो. — सिंहगड रस्ता

अमरवेल. तिला पानं नाहीत आणि मोठी झाल्यावर जमिनीत मूळही राहत नाही. ती ड्युरांटाच्या सालीत शोषकं घुसवून जगते. ओढून काढली तर शोषकं फांदीत राहतात आणि तुटलेला तुकडा खालच्या फांदीवर पडून पुन्हा चिकटतो. म्हणून वेल सोडवत बसू नका. ती जिथवर गेली आहे त्याच्या खाली वीतभर, फांदीसकट कापा. कुंपण काही महिने उघडंबोडकं दिसेल, ड्युरांटा फुटतो लवकर. कापलेलं पोत्यात भरून वाळवायचं, ओढत नेलं तर वाटेत तुकडे सांडतात. फुलायच्या आत हे केलं पाहिजे, कारण बी जमिनीत दहा-दहा वर्षं टिकतं. आंब्यावरच्या बांडगुळालाही हाच न्याय : चिकटलेल्या जागेच्या खाली फूटभर अंतर सोडून फांदी कापायची. मोठी फांदी असेल तर मनपाच्या उद्यान विभागाची परवानगी आधी घ्या. १९७५ चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा सोसायटीच्या आतल्या झाडांनाही लागू आहे.

प्रश्न : आमच्याकडे बारा नारळ आणि काही बॉटल पाम आहेत. नव्या झावळ्या उघडल्या की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसतात. एका नारळाच्या बुंध्यातून तपकिरी चिकट पाणी येतंय. दोन्हीचा संबंध आहे का? — खराडी

आहे, आणि घाई करा. त्रिकोणी काप म्हणजे गेंड्या भुंगा. काळा, दीड-दोन इंचाचा, डोक्यावर शिंग. तो शेंड्यातल्या न उघडलेल्या कोंबात भोक पाडून रस पितो, कोंब उघडला की आतली भोकं ओळीने त्रिकोणी दिसतात. शेंड्याजवळच्या बेचक्यात चावलेला चोथा दिसत असेल तर भुंगा आत आहे. टोकाला आकडा असलेल्या तारेने त्याला ओढून काढा. मग वरच्या दोन-तीन बेचक्यांत निंबोळी पेंड २५० ग्रॅम आणि तितकीच वाळू मिसळून भरा, वर्षातून तीनदा. लहान झाडांसाठी बेचक्यात तीन डांबरगोळ्या ठेवून वर वाळू, दर ४५ दिवसांनी. मुलं खेळतात तिथे हाताला लागणाऱ्या उंचीवर डांबरगोळ्या नकोत.

पण भुंगा येतो कुठून? सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यातून, बहुतेक वेळा. गेंड्याची पैदास कुजलेल्या खतात आणि कुजक्या ओंडक्यांत होते. खत दर महिन्याला तळापासून वरखाली करा आणि इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या वेचा. वेचताना एक परीक्षा करा. अळी सपाट फरशीवर ठेवा. ती पाठीवर उताणी होऊन, पाय वर करून सरपटू लागली तर ती फुलभुंग्याची, खत बारीक करणारी. तिला परत खड्ड्यात सोडा. गेंड्याच्या अळीला असं चालता येत नाही.

बुंध्यातलं तपकिरी पाणी ही वेगळी आणि गंभीर गोष्ट : सोंड्या भुंगा. तांबूस रंग, लांब सोंड. तो झाडाच्या जखमेत अंडी घालतो, आणि गेंड्याने पाडलेली भोकं त्याला आयती जखम. अळ्या खोड आतून पोखरतात. भोकाजवळ चावलेले तंतू आणि आंबूस वास येतो, शांत वेळी बुंध्याला कान लावला तर कुरतडल्याचा आवाजही. शेंडा हिरवा आणि ताठ असेल तरच झाड वाचण्याची आशा. अशा वेळी खालची भोकं चिखलाने बुजवून वरच्या भोकातून इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं द्रावण, पाण्यात लिटरला १ मिली, ओततात आणि तेही भोक बंद करतात. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, आणि त्या झाडाचं शहाळं पुढचे काही महिने कोणी पिऊ नये. शेंडा कलंडला असेल तर झाड गेलं. परवानगी घेऊन तोडा आणि बुंधा चिरून नष्ट करा. तोडलेला ओंडका बसायला म्हणून बागेत ठेवला, तर आतले भुंगे बाहेर पडून उरलेल्या अकरा नारळांवर जातील.

बाकीच्या झाडांना जखम होऊ न देणं एवढंच आपल्या हातात. पाम सुंदर दिसावेत म्हणून हिरव्या झावळ्या खोडाला भिडवून छाटायची पद्धत शहरात फार आहे. ती थांबवा. हिरवी झावळी कापावीच लागली तर खोडापासून चार फूट देठ सोडून कापा. चढायला खोडाला खाचा पाडू नका, दिव्यांची माळ खिळ्यांनी ठोकू नका. गंधसापळा लावायचा तर नारळापासून दूर, आवाराच्या कडेला. नारळाच्या बुंध्यालाच टांगला तर सापळ्याकडे ओढलेले भुंगे आधी त्याच झाडावर उतरतात.

प्रश्न : लॉनवर पिवळे गोल चट्टे पडलेत आणि सकाळी साळुंक्या, बगळे येऊन उकरतात. माळी म्हणतो थिमेट टाकू. — बाणेर

थिमेट म्हणजे फोरेट. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, कोणी जुना साठा दाखवला तरी घेऊ नका. डायक्लोरव्हॉसवरही त्याच तारखेपासून बंदी आहे, तेव्हा जुनं नुवानही नको.

पक्षी तुमचं निदान करून गेले आहेत, तरी खात्री करा. चट्ट्याच्या कडेला एक फूट चौकोन आखा, तीन बाजू खुरप्याने कापा आणि चौथ्या बाजूवर लॉन दुमडा. सतरंजीसारखं सहज उचललं गेलं तर मुळं खाल्लेली आहेत. खालच्या तीन-चार इंच मातीत हुमणीच्या अळ्या मोजा. एक-दोन असतील तर काही करू नका, लॉन तेवढं सोसतं. पाच किंवा जास्त असतील तर उपाय हवा. अळ्या नाहीत, मुळं घट्ट आहेत आणि पहाटे दवात पातींवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी दिसते, तर तो रोग, त्याचं पुढे सांगतो.

हुमणीसाठी मेटारायझियम बुरशी गुंठ्याला २०० ते २५० ग्रॅम, पाच किलो चाळलेल्या ओलसर शेणखतात मिसळून संध्याकाळी पसरा आणि लगेच पाणी द्या. लॉनला आधी काट्याने भोकं पाडली तर बुरशी मुळांपाशी पोचते. सप्टेंबरमध्ये अळी मोठी झाल्यावर परिणाम कमी होतो, जून-जुलैमध्ये लहान अळीवर उत्तम. पुढच्या वर्षी वळवाच्या किंवा मोसमी पावसाच्या पहिल्या दमदार सरीनंतर लक्ष ठेवा. तिन्हीसांजेला तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकायचे. त्या पंधरवड्यात लॉनवरचे झगमगीत दिवे बंद ठेवा, ते भुंगेऱ्यांना आमंत्रण देतात.

रोग असेल तर आधी पाण्याची वेळ बदला. संध्याकाळचे स्प्रिंकलर बंद, पाणी पहाटे. रात्रभर ओली राहिलेली पात हेच त्या बुरशीचं घर. पावसाळ्यात युरिया टाकू नका, एका वेळी पातीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका आणि मशीनचं पातं धारदार ठेवा. बोथट पातं पात फाडतं, फाटलेल्या टोकातून बुरशी शिरते. रोगट भाग शेवटी कापून मशीन धुवा. पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत मुरमाच्या भरावावर जेमतेम सहा इंच लाल माती असते आणि खाली पाणी तुंबतं. तिथे बुरशीनाशकाने दोन आठवडे बरं वाटतं, निचरा केल्याशिवाय दुखणं जात नाही.

प्रश्न : ठेकेदार दर महिन्याला क्लोरोपायरिफॉस, सायपरमेथ्रिन, एक बुरशीनाशक आणि १९:१९:१९ हे विद्राव्य खत एकत्र करून सगळ्या बागेवर मारतो. खर्च तेवढाच, तरी लाल कोळी वाढलाय. — व्यवस्थापन समिती, वाकड

तरी नव्हे, त्यामुळेच. सायपरमेथ्रिनसारखी औषधं कोळ्याला खाणारे भक्षक कोळी आणि भुंगेरे साफ करतात, कोळ्याला मात्र फारसं काही करत नाहीत. करार बदला. महिन्याला फवारणी काढून टाका आणि त्या जागी आठवड्याला तपासणी लिहा. दर आठवड्याला ठरलेल्या वीस-पंचवीस झाडांखाली पांढरा कागद धरून फांदी तीन-चारदा आपटायची. कागदावर ठिपके चालू लागले तर कोळी किंवा फुलकिडे. वहीत तारीख, झाड, काय दिसलं आणि काय केलं हे लिहायचं. फवारणी फक्त ज्या झाडावर कीड आहे त्याच झाडावर, आणि एका वेळी एकच औषध. चार औषधांची खिचडी पंपात फाटते, तळाशी गाळ बसतो आणि पान करपलं तर कशाने करपलं ते कळत नाही.

कोळ्यासाठी आधी चार दिवस रोज सकाळी पानाच्या मागे पाण्याची धार. तरी टिकला तर पाण्यात विरघळणारं गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक मारू नका आणि निंबोळी तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं भाजतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यात भर दुपारी गंधक मारून जळालेली कुंपणं आम्ही भरपूर पाहिली आहेत.

ठेकेदाराच्या प्रत्येक डब्यावरचा त्रिकोण बघा : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा सौम्य. जिथे मुलं आणि कुत्री फिरतात तिथे लाल आणि पिवळा त्रिकोण आत येऊ द्यायचा नाही, असं करारात लिहा. फवारणीच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लावा. माळ्याला हातमोजे, मास्क आणि गमबूट सोसायटीने द्यावेत, ठेकेदारावर सोडू नका.

प्रश्न : ऑक्टोबरच्या छाटणीनंतर गुलाबाच्या फांद्या वरून काळ्या पडत खाली येतात. बोर्डो लावा म्हणतात, ते घरी कसं करायचं? — सदाशिव पेठ

हा मर रोग, आणि तो बोथट कात्रीने चेपलेल्या कापातून शिरतो. काळ्या भागाच्या खाली दोन इंच, आतला गर पांढरा-हिरवा दिसेपर्यंत कापा. काप तिरका, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडा वर. दर झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा. मग बोर्डो पेस्ट.

मोरचूद १०० ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात रात्रभर भिजवा. लोखंड किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, मोरचूद ते खातं. कळीचा चुना १०० ग्रॅम वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विझवा, गरम होतो, अंतर ठेवा. गार झाल्यावर गाळून घ्या. दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत काडीने ढवळा. आकाशी रंगाचं दाटसर मिश्रण होईल. आता एक स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलं आहे, चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा बघा. हे न पाहता लावलं तर कोवळी साल जळते. ब्रशने कापावर लावा, त्याच दिवशी संपवा. बाजारातला जुना, हवेने विझलेला चुना घेतला तर मिश्रण फसतं. फवारणीसाठी १ टक्का बोर्डो हवं तर हेच १०० आणि १०० ग्रॅम, पण दहा लिटर पाण्यात.

थोडक्यात

*चाफ्याच्या पानांखाली नारिंगी भुकटी :* तांबेरा. पडलेली पानं रोज झाडून पिशवीत भरा. जुलै-ऑगस्टमध्ये मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम, पानाच्या मागे, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. ऑक्टोबर उजाडला असेल तर औषधाचे पैसे वाचवा, चाफा पानं टाकणारच आहे.

*सप्तपर्णीच्या पानांवर गाठी :* आत एक बारीक रस शोषणारा कीटक राहतो. झाड त्याने मरत नाही. हाताला लागतील ती पानं सुरुवातीलाच तोडा, मोठ्या झाडावर काही फवारू नका.

*एक्झोराची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या :* रोग नाही, बोअर-टँकरच्या चुनखडीच्या पाण्यामुळे मुळांना लोह मिळत नाही. हिराकस ५ ग्रॅम आणि लिंबूसत्त्व १ ग्रॅम लिटरभर पाण्यात, दर दहा दिवसांनी तीन वेळा, संध्याकाळी. फरशीवर थेंब पडला तर गंजाचा डाग जात नाही, आधी कागद पसरा.

*पेव्हर ब्लॉकमधल्या गवतावर मीठ :* नको. मीठ पावसाने मुरमात उतरतं आणि कडेच्या झाडांच्या मुळांशी जाऊन बसतं. उकळतं पाणी ओता, दोन दिवसांनी खरवडा आणि फटी कोरड्या बारीक वाळूने ठासून भरा.

*आफ्रिकन गोगलगायी :* संध्याकाळी ओली गोणपाटं अंथरा, खाली पपईची किंवा कोबीची पानं. पहाटे गोणपाट उलटून गोळा करा, पण हातमोज्यांशिवाय हात लावू नका, त्यांच्यातून मेंदूज्वराचे कृमी पसरू शकतात. मिठाच्या दाट पाण्यात टाका आणि मेल्यावर खोल पुरा. कुंड्यांखालची आणि दगडांमागची सैल माती उकरा. साबुदाण्याएवढी पिवळट अंडी शेकड्याने सापडतील, तीही त्याच पाण्यात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी गोगलगायी मरतात, पण कुत्र्यांना त्यांची चव आवडते आणि थोड्या गोळ्याही जिवावर बेततात. आवारात कुत्री-मांजरं असतील तर फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या मागून घ्या.